शीग, सपाट आणि 30 ग्रॅम

‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असं आपण सहज लिहितो, पण त्यातली शीग आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेली असते. धान्य मापताना पायली काठोकाठ भरली की तिच्या तोंडावर दाण्यांचा निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. तो ढीग हाताने ओढून टाकला की माप सपाट. पायली तीच आणि ज्वारीही तीच, तरी शिगेचं माप आणि सपाट माप यांत काही मुठींचा फरक पडतो. देणाऱ्याला सपाट मापायचं असतं, घेणाऱ्याला शीग हवी असते. ‘मापात पाप’ म्हणतात ते यालाही लागू पडतं.

आता हातात शेव-चिवड्याचं एखादं पाकीट घ्या. डाएट चालू असेल तर तुम्ही ते उलटं करून मागचा तक्ता वाचतच असाल. समजा पाकीट 200 ग्रॅमचं आहे आणि 100 ग्रॅमला 550 कॅलरी लिहिल्या आहेत. शेजारी बारीक अक्षरात ‘एक सर्व्ह 30 ग्रॅम’ आणि त्यापुढे दिवसाच्या गरजेचे 8 टक्के. आठच टक्के म्हटल्यावर जीव भांड्यात पडतो. पण 30 ग्रॅम म्हणजे जेमतेम एक मूठभर ऐवज. मॅच बघता बघता पाकीट रिकामं झालं तर पोटात 1100 कॅलरी गेल्या, म्हणजे त्याच हिशोबाने 55 टक्के. कंपनीने खोटं काहीच लिहिलेलं नाही. तिने सपाट मापाने मोजलं, आपण शिगेने खाल्लं.

हे 30 ग्रॅम ठरवले कुणी? आपल्याकडे 2020च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर दर 100 ग्रॅमची (किंवा 100 मिलिलिटरची) पोषणमूल्यं द्यावी लागतात आणि एका सर्व्हमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही छापावं लागतं. त्यासाठी दिवसाची गरज 2000 कॅलरी धरली आहे, वरून घातलेल्या साखरेची 50 ग्रॅम आणि सोडियमची 2000 मिलिग्रॅम. सर्व्हचा आकार मात्र लेबल छापणाऱ्यावर सोडला आहे. थोडक्यात, पायली विकणाऱ्याच्याच हातात आहे.

वऱ्हाडच्या माणसाला हा मामला नवा वाटू नये. बुलढाण्याच्या गावांत सालदाराची वर्षाची बोली ठरायची तेव्हा रोख रकमेबरोबर ज्वारीही ठरायची, आणि ती मापाने मिळायची. मापताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन. लाभ कुणाचा ते मापणाऱ्याच्या हातावर अवलंबून! त्यात पायली सगळीकडे सारखी नव्हती. एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजाराच्या पायलीशी जुळेलच असं नाही. शेर, मण, खंडी या शब्दांनी हिशोब एक वाटायचा, दाणे वेगवेगळे भरायचे.

1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढे कापसाने या मुलुखाचं रूप पालटलं. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा 1870 साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तो खामगावच्या कापूस बाजारासाठीच. बाजार मोठा झाला तशी काट्यावरची भांडणंही वाढली. 1886 मध्ये वऱ्हाडातल्या कारंज्याला सरकारी हुकमाने देशातला पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला आणि 1897 मध्ये खास वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. बाजारावर समिती, दलालाला परवाना, तोलणाऱ्याला परवाना. आजच्या बाजार समित्यांचं मूळ इथे आहे. इंग्रज सरकारला शेतकऱ्याचा फार कळवळा होता असं मला वाटत नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना भरवशाचा कापूस हवा होता. तरी एक तत्त्व कायद्यात उतरलं: विकत घेणाऱ्याने स्वतःच तोलायचं नाही, तिसऱ्याने तोलायचं.

हा कायदा झाला ते साल दुष्काळाचं होतं. 1896-97चा दुष्काळ सरतो न सरतो तोच 1899-1900चा आला, आणि वऱ्हाड त्यात होरपळून निघाला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्याला दिवसाला किती द्यायचं, हा सरकारपुढचा प्रश्न होता. त्याच्या वीसेक वर्षं आधी, 1877 मध्ये, मद्रास इलाख्यात आणि दख्खनमध्ये याच प्रश्नावरून मोठा वाद झाला होता. सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी कामावरच्या गड्याचं धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे साधारण 450 ग्रॅमवर आणलं. वर थोडे पैसे. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी हरकत घेतली: दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला किमान दीड पौंड धान्य हवं, नुसत्या धान्यावर भागणार नाही, डाळही हवी. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. मद्रासमध्ये पुढे सरकार थोडं नमलं आणि सव्वा पौंडावर थोडी डाळ मिळू लागली.

हिंदुस्थानातल्या पहिल्या सरकारी ‘सर्व्ह साइज’पैकी हे एक. ते ठरवलं ते खाणाऱ्याची भूक पाहून नव्हे, तिजोरी पाहून. एक पौंड की दीड, या अर्ध्या पौंडात माणसं जगत होती किंवा मरत होती.

नंतर आहार मोजण्याचं शास्त्र आलं. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. अॅक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ज्वारी, तूर, हरभरा यांचे आकडे पहिल्यांदा एका जागी आले. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी रोज 2250 कॅलरी हा निकष होता. तेवढ्या कॅलरी मिळवण्यापुरता खर्च ज्याला परवडत नाही, तो गरीब. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात 1972चा दुष्काळ पडला आणि दुष्काळी कामांवर पुन्हा माणसांची रीघ लागली.

हा 2250चा आकडा आणि पाकिटावरचा 2000चा आकडा शेजारी ठेवून पाहा. एक होता ‘इतकं तरी मिळालं पाहिजे’ अशी तळाची रेघ. दुसऱ्याकडे डाएट करणारा छत म्हणून पाहतो. मधल्या पन्नास वर्षांत एकाच जिल्ह्यात, कधी एकाच घरात, आजोबा पहिल्या रेघेखाली होते आणि नातू दुसऱ्या रेघेवर गेला आहे.

2000 हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. अमेरिकेत 1990 साली पोषण लेबलचा कायदा झाला आणि 1993 मध्ये त्याचे नियम ठरले, तेव्हा आधी 2350चा प्रस्ताव होता. मग हिशोबाला सोपा आणि जरा सावध म्हणून तो 2000 वर आणला गेला. वजन, वय, काम काहीही असो, टक्केवारी त्याच 2000 वर. कपाशी वेचणारी बाई आणि स्पर्धा परीक्षेसाठी दिवसभर अभ्यासिकेत बसणारा तिचा मुलगा, दोघांना एकच माप.

सर्व्हच्या बाबतीत मात्र अमेरिकेने एक गोष्ट बरी केली. तिथे पदार्थागणिक सरकारी कोष्टक आहे, आणि सर्व्ह म्हणजे माणसाने किती खावं हे नव्हे, लोक एका बैठकीला प्रत्यक्षात किती खातात ते, असं कायदाच सांगतो. म्हणून 2016 मध्ये नियम बदलले तेव्हा आइस्क्रीमची सर्व्ह अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप झाली. लोक जास्त खायला लागले होते, म्हणून मापही वाढलं. याचा अर्थ असा की सर्व्ह साइज हा तिथेही सल्ला नाही. ‘लेबलवर एक सर्व्ह म्हटलंय म्हणजे तेवढं चालतं’ हे वाचन कुठल्याच देशात बरोबर नाही.

आपल्या तक्त्यात भरवशाचा रकाना एकच, 100 ग्रॅमचा. तो कंपनीच्या सर्व्हवर हलत नाही, त्यामुळे दोन पाकिटं शेजारी ठेवून पाहता येतात. त्याला पाकिटाच्या निव्वळ वजनाने गुणायचं आणि 100 ने भागायचं. हे निव्वळ वजन छापायची सक्ती 1977च्या नियमांनी केली. त्याआधी 1962पर्यंत शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले होते, नाहीतर हा गुणाकार करतानाही आपण पायली कुठल्या गावची हे विचारत बसलो असतो. घरात छोटा डिजिटल काटा असेल तर एकदा 30 ग्रॅम शेव वाटीत काढून बघाच. 

मराठी माणसाने डाएटमध्ये हा सगळा हिशोबच टाळायचा एक मार्गही शोधला. विदर्भातल्याच डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेलं ‘दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत’ हे सूत्र काही वर्षांपूर्वी व्हॉट्सॅपवरून घरोघरी गेलं. त्यात कॅलरी मोजायची नाही, घड्याळ पाहायचं. ते सगळ्यांना मानवतं का, हा वेगळा विषय. पण ते पसरलं का, याचं एक कारण मला उघड दिसतं: ते मराठीत होतं. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की नियम पाळला जातो. मराठीची सक्ती नाही. भाकरीच्या तुकड्यालाही चतकोर, नितकोर अशी नावं देणाऱ्या भाषेत ‘सर्व्ह’ला अजून धड शब्द नाही.

शेगावच्या कचोरीला हे काहीच लागू नाही. ताज्या, सुट्या विकल्या जाणाऱ्या पदार्थावर तक्ता नसतो, आणि दरपत्रकावर कॅलरी लिहायचा नियम आहे तो दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना. कचोरी मोजतात नगावर. तीच पाकीटबंद होऊन पुण्याला निघाली की मागे 100 ग्रॅमचा रकाना येतो आणि एक सर्व्ह म्हणजे किती, ते कुणाला तरी ठरवावं लागतं. स्टेशनवर ते गिऱ्हाईक ठरवतं. गाडी सुटायच्या आत दोन नग, तळलेल्या मिरच्या वेगळ्या.