दातांचे साचे आणि जबड्याची शस्त्रक्रिया

दात वेडेवाकडे असले की दंतवैद्य तारा बसवून ते ओळीत आणतो. परंतु दात ज्यात रुजलेले, तो जबडाच फार पुढे वा मागे असेल तर नुसत्या तारांनी काय होणार? तेथे शल्यवैद्यच हवा. या दोघांच्या सहकार्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८४९ साली अमेरिकेतील व्हीलिंगच्या सायमन हलिहेन यांनी एका तरुणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या मानेवर घट्ट व्रण झाला होता. त्याच्या ओढीने वर्षानुवर्षे खालचा जबडा पुढे वाढत गेला. हलिहेन यांनी हाडाची पाचर काढून तो मागे आणला, आणि मेणात ठसा घेऊन घडविलेली चांदीची पट्टी दातांवर बसवून हाड स्थिर ठेवले. मंद पण अखंड ओढ हाडालाही वाकविते, हे त्या व्रणाने दाखविले. आणि दातांचा ठसा शल्यवैद्याला वाट दाखवितो, हे त्या पट्टीने!

१९५७ साली ट्राउनर व ओब्वेगेसर यांनी तोंडाच्या आतूनच खालचा जबडा उभा चिरून सरकविण्याची रीत इंग्रजीत प्रसिद्ध केली. चेहऱ्यावर व्रण राहीना. तथापि एक कठीण पायरी उरलीच. जबड्याचा दोष झाकण्यासाठी निसर्ग दात कलते करतो. शस्त्रक्रियेपूर्वी हा कल काढावा लागतो. म्हणजे चेहरा सुधारण्याआधी काही महिने तो अधिकच विजोड दिसतो. रोग्याच्या धैर्याची खरी कसोटी येथे लागते.

१९९७ साली कॅलिफोर्नियात अलाइन कंपनी निघाली आणि तारांऐवजी पारदर्शक साचे आले. एकेक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवितो. २००५ साली रॉबर्ट बॉइड यांनी असे साचे, तारा आणि शस्त्रक्रिया यांच्या मेळाने उपचार केलेल्या दोन रोग्यांचा वृत्तांत दिला. साचा काढून जेवता येते, दात घासता येतात. हे सुख खरेच. पण शस्त्रक्रियेच्या वेळी दोन्ही जबडे एकमेकांस बांधण्यासाठी तारांवर आकडे असतात, गुळगुळीत साच्यावर ते कोठून येणार? म्हणून दातांवर बटणे चिकटवावी लागतात किंवा हाडात बारीक स्क्रू बसवावे लागतात. शिवाय साचा दिवसातून सुमारे बावीस तास तोंडात राहिला नाही, तर सारा हिशेब चुकतो.

हलिहेन यांच्या ठायी दंतवैद्य व शल्यवैद्य एकच होते. आज ते दोन आहेत. म्हणून रोग्याने ‘तारा दिसतील का?’ एवढेच विचारून थांबू नये. पहिला साचा बसण्यापूर्वी दोघांनी एकत्र बसून आराखडा केला आहे काय, हे आधी विचारावे.