बराकीतली गाणी

रुडयार्ड किपलिंग म्हटलं की आपल्याला मोगली आठवतो आणि पाठोपाठ साम्राज्याची भलामणही आठवते. हा लेखक १८६५ साली आपल्या मुंबईतच जन्मला. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. आज बोलायचं आहे ते त्याच्या शिपाईगाण्यांविषयी.

१८८२ साली, वयाची सतरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, किपलिंग लाहोरच्या एका वर्तमानपत्रात नोकरीला लागला. जवळच मियाँ मीरची छावणी होती. तिथल्या गोऱ्या शिपायांची बोली त्याच्या कानात बसली. १८८९ मध्ये तो लंडनला गेला. तिथं त्याच्या खोलीसमोरच एक म्युझिक हॉल होता. छावणीतली बोली आणि रस्त्यावरचा ठेका यांतून १८९२ चा 'बॅरक-रूम बॅलड्स' हा संग्रह उभा राहिला. यातला शिपाई लढाईच्या वेळी सगळ्यांना हवा असतो, एरवी त्याला गुत्त्यातही थारा नाही. 'डॅनी डीव्हर'मध्ये तर झोपलेल्या सोबत्याला मारणाऱ्या शिपायाला साऱ्या पलटणीदेखत फाशी देतात. हे सगळं कळतं ते सवाल-जबाबातून, जुन्या लोकगीतांत कळावं तसं.

मैफलीच्या संगीतकारांनी या कवितांना भारदस्त चाली दिल्या. ऑली स्पीक्सची 'मंडाले'ची चाल १९०७ ची. नॉरफोकमध्ये वाढलेल्या पीटर बेलामीला मात्र वेगळंच जाणवलं. या कवितांचं वजन थेट इंग्लंडच्या लोकगीतांचं आहे, असं त्याचं म्हणणं. त्या काळी तिथल्या लोकगीतांच्या चळवळीत डाव्या विचारांची मंडळी पुष्कळ. त्यांना किपलिंगचं नावही नकोसं. बेलामीनं कुणाची पर्वा केली नाही. १९७० साली किपलिंगच्या बालकथांमधल्या गीतांची त्याची तबकडी आली. पुढं कॉन्सर्टिना हाती घेऊन त्यानं शिपाईगाणीही गायली. काही पारंपरिक चालींवर, काही त्याच वळणाच्या स्वतःच्या चालींवर. १९९१ साली तो गेला.

साध्या चालीत या कविता ऐकल्या की साहेबाचा रुबाब गळून पडतो. उरतो तो पोटासाठी परमुलखात आलेला गरिबाघरचा पोर. त्याची कणव येते. पण 'गंगादीन'मधला आपला भिस्ती आठवा. गोळ्यांच्या वर्षावात तो पाणी पाजतो, मरतो. त्याची थोरवी गातो तो गोरा शिपाईच. शिपायाला त्याची चाल मिळाली. भिस्त्याचं गाणं त्याच्याच तोंडून ऐकायचं राहिलं, हेही ऐकताना विसरू नये.