वाचता न येणारे संदर्भ

कचेरीच्या कामात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्यांना एक अनुभव खचित परिचयाचा असेल. एखादे परिपत्रक हाती येते. ‘पूर्वीच्या आदेशानुसार कार्यवाही व्हावी’ एवढेच त्यात लिहिलेले असते, आणि तो पूर्वीचा आदेश काही केल्या सापडत नाही. मग कोणी जुना कारकून आठवणीने सांगतो व वेळ निभावते. आंतरराष्ट्रीय मानकाच्या मसुद्यातही हेच घडावे, हे मात्र नवल होय.

संगणकावर लिहिलेला मजकूर ज्या रचनेत साठविला जातो, तिला फॉरमॅट म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने (आय. एस. ओ.) २००६ साली ओपन डॉक्युमेंट या फॉरमॅटला मान्यता दिली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक्मा या युरोपीय संस्थेने मायक्रोसॉफ्टची ऑफिस ओपन एक्सएमएल ही रचना आपले मानक म्हणून स्वीकारली आणि शीघ्र मार्गाने आय. एस. ओ.कडे धाडली. मसुदा सहा हजारांहून अधिक पृष्ठांचा! तो समग्र वाचणारे किती निघाले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मानकात संदर्भ दिला जातो तो अशासाठी की, तिऱ्हाइताने तो काढून पाहावा आणि त्याबरहुकूम स्वतःचे साधन घडवावे. या मसुद्यातील काही संदर्भ ग्रंथाकडे नव्हे, तर जुन्या यंत्राच्या वागणुकीकडे बोट दाखवीत होते. पूर्व आशियाई पूर्णरुंद अक्षरांतील अंतर ‘वर्ड ९५’ प्रमाणे ठेवावे, अशी एक खूण त्यात होती. ते अंतर ठेवावे कसे? मसुद्याचे उत्तर असे की, ही वागणूक शब्दांत सांगता येण्याजोगी नाही. ज्याला हवी त्याने त्या जुन्या प्रोग्रॅमचेच अनुकरण करावे. आणि शक्यतो करूच नये! अशा खुणा आणखीही होत्या, आणि त्यांतली एक तर प्रतिस्पर्धी वर्डपरफेक्टची नक्कल करण्यासंबंधी होती.

कालगणनेची गंमत याहून मोठी. १९०० हे साल लीप वर्ष नव्हते, कारण त्याला ४०० ने भाग जात नाही. परंतु लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमने ते लीप मानले, एक्सेलने ती चूक मेळ राखण्यासाठी उचलली, आणि मसुद्याने तिला नियमाचा दर्जा दिला. ग्रेगोरियन पंचांगाचा आधार सोडून एका हिशेबयंत्राचा आधार घेतला गेला.

समर्थकांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. कोट्यवधी जुने दस्तऐवज तसेच्या तसे उघडले पाहिजेत, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. परंतु ज्या निवृत्तिवेतनाच्या वा जमिनीच्या कागदांसाठी ही काळजी, ते शंभर वर्षांनी वाचण्याची किल्ली एकाच कारखान्याच्या आठवणीत राहणार असेल, तर त्याला मानक म्हणावे कसे? तो जुना कारकून उद्या नसेलच.

सप्टेंबर २००७ च्या मतदानात मसुदा नापास झाला. साडेतीन हजारांवर हरकती आल्या होत्या. त्यांच्या विचारार्थ फेब्रुवारी २००८ मध्ये जिनीव्हास पाच दिवसांची बैठक भरली. पाच दिवसांत एवढ्या हरकतींना न्याय कसा मिळणार, हे सांगावयास नकोच. भारतीय मानक ब्यूरोने दोन्ही वेळा विरोधी मत दिले. मार्चअखेर मसुदा संमत झाल्यावर भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांनी अपिले केली. ऑगस्टमध्ये ती फेटाळली गेली.

तरी हरकती वाया गेल्या नाहीत. नोव्हेंबर २००८ मध्ये मानक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या जुन्या खुणा ‘संक्रमणकालीन’ अशा वेगळ्या भागात गेल्या होत्या आणि त्यांची वर्णनेही आली होती. संक्रमण मात्र अजून सरलेले नाही. आज वर्डमध्ये नवी फाइल साठविली, आणि मुद्दाम दुसरा पर्याय निवडला नाही, तर ती त्याच संक्रमणकालीन रूपात साठविली जाते.