दोन खेळाडू आणि एक हस्तांदोलन

जानेवारीतला शनिवार, पहाटेचे साडेपाच. बाहेर कडाक्याची थंडी. आल्याचा चहा थर्मासमध्ये भरायचा, मुलाची त्याच्याएवढीच मोठी बॅग गाडीत टाकायची आणि रिंक गाठायची. श्रूजबरीतल्या बऱ्याच मराठी आईबाबांना हे आता नवीन राहिलेलं नाही. मी पुण्यात वाढले. हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, एवढंच माझं ज्ञान! पण आमच्या धाकट्याने आईस हॉकीचा हट्ट धरला आणि मीही रिंकवर कुडकुडत बसायला शिकले.

दोन वर्षांपूर्वीच्या एका सामन्यात एका मुलाने आमच्या चिरंजीवांना पाडलं. हा उठला तो रागातच, आणि त्या मुलाला मागून जोरात धडक दिली. तो मुलगा डोक्यावर आपटला. हेल्मेट होतं म्हणून निभावलं, पण डॉक्टरांनी त्याला काही आठवडे खेळ बंद सांगितला. रूट नाइनवरून घरी येताना, क्विन्सिगॅमंड तलावाचा पूल ओलांडेपर्यंत, गाडीत कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "आई, पण आधी त्यानेच पाडलं ना मला!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात रिंकवर शेजारी बसणाऱ्या एका आजोबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, एस बेलीची गोष्ट वाच. मी लायब्ररी गाठली. ती गोष्ट आपल्या बॉस्टनमध्येच घडलेली निघाली.

१२ डिसेंबर १९३३. जुन्या बॉस्टन गार्डनमध्ये बॉस्टन ब्रुइन्स आणि टोरोंटो मेपल लीफ्स यांचा सामना चालू होता. एडी शोर हा ब्रुइन्सचा सर्वांत मोठा खेळाडू, तितकाच तापट. टोरोंटोच्या एका खेळाडूने त्याला पाडलं. शोर उठला आणि समोर दिसलेल्या एस बेलीवर मागून जाऊन आदळला. ज्याने पाडलं तो बेली नव्हताच! बेली उलटा होऊन डोक्यावर पडला, कवटी फुटली, अंगाला झटके येऊ लागले. ते पाहून टोरोंटोच्या रेड हॉर्नरने शोरला एका ठोशात आडवं केलं. शोरचंही डोकं बर्फावर फुटलं. त्या काळी हेल्मेट जवळजवळ कुणीच घालत नसे.

बॉस्टनच्या डॉक्टरांनी बेलीच्या मेंदूवर दोन शस्त्रक्रिया केल्या. काही दिवस तो जगतो की जातो अशी अवस्था होती. अखेर तो वाचला, पण त्याचा खेळ तिथेच संपला. वय जेमतेम तीस. १९२८-२९ च्या मोसमात एनएचएलमध्ये सर्वांत जास्त, २२ गोल करणारा हा माणूस. शोरला १६ सामन्यांची बंदी झाली. तेव्हा मोसमच ४८ सामन्यांचा असे, म्हणजे एक तृतीयांश मोसम गेला.

आता बेलीच्या कुटुंबाचं काय? क्रिकेटमध्ये आपण 'बेनिफिट मॅच' ऐकलेली आहे, तसाच मार्ग इथेही निघाला. १४ फेब्रुवारी १९३४ ला टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये एका बाजूला मेपल लीफ्स आणि दुसऱ्या बाजूला लीगच्या इतर सगळ्या संघांतले निवडक खेळाडू असा सामना ठरला. एनएचएलचा हा पहिला ऑल-स्टार सामना. आज ऑल-स्टार म्हटलं की झगमगाट, जाहिराती आणि करमणूक डोळ्यांसमोर येते, पण त्याची सुरुवात एका जखमी खेळाडूच्या घरखर्चासाठी झाली!

आणि त्या निवडक खेळाडूंत एडी शोर होता.

सामन्याआधी बेली साध्या कपड्यांत बर्फावर आला. एकेक खेळाडू पुढे येत होता. शोर पुढे आला तेव्हा गार्डन्स स्तब्ध झालं म्हणतात. बेलीने हात पुढे केला, शोरने तो धरला आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सामना टोरोंटोने ७-३ असा जिंकला, पण तो स्कोअर कुणाच्या लक्षात राहिला असेल? बेलीसाठी सुमारे २०,९०० डॉलर जमले. त्याच दिवशी त्याचा सहा नंबर टोरोंटोने कायमचा राखून ठेवला. एनएचएलमध्ये असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू.

हे वाचताना मला नरी कॉन्ट्रॅक्टर आठवले. मार्च १९६२, बार्बाडोस. चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून भारताच्या कप्तानाची कवटी फुटली. तेव्हा रक्त द्यायला पुढे आले त्यांत आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते, आणि प्रतिस्पर्धी संघाचे कप्तान फ्रँक वॉरेलसुद्धा! कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. ग्रिफिथबद्दल त्यांनी मनात अढी धरली नाही.

पुढे काय झालं? शोर त्या अपघातानंतर हेल्मेट घालून खेळू लागला. बाकीच्यांना मात्र अक्कल यायला फार वेळ लागला: एनएचएलने नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं ते १९७९ मध्ये. ऑल-स्टार सामना १९४७ पासून नियमित सुरू झाला आणि त्याच्या उत्पन्नातून खेळाडूंच्या पेन्शन फंडाला हातभार लागू लागला. बेलीने पुढे मेपल लीफ गार्डन्समध्येच कित्येक वर्षं सामन्यांची वेळ नोंदवायचं काम केलं. १९६८ मध्ये त्याने स्वतःच सांगून आपला सहा नंबर रॉन एलिस या तरुण खेळाडूला देववला. तो १९९२ मध्ये गेला. शोरने १९३९ मध्ये आपल्या इथून तासाभरावरच्या स्प्रिंगफील्डचा संघ विकत घेतला. तिथेही तो तापट आणि चिक्कू मालक म्हणूनच ओळखला गेला. एका हस्तांदोलनाने माणूस बदलतोच असं नाही, हेही खरं. १९८५ मध्ये त्याचं स्प्रिंगफील्डलाच निधन झालं.

रात्री जेवताना मी मुलाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ ताटातला भात चिवडत बसला. मग म्हणाला, "बेलीने हात पुढे केला नसता तर?"

मी म्हटलं, "मग शोरला तसंच परत जावं लागलं असतं. पण तो आला होता ना समोर?"

रविवारी आम्ही बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. ती क्षणभर आमच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता दार बंद होणार. पण ती बाजूला झाली आणि तिने आतल्या खोलीकडे पाहून आपल्या मुलाला हाक मारली. आमचा धाकटा एकटाच पुढे गेला. मी दाराशीच थांबले.

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा! आणि हो, मुलांना हेल्मेटशिवाय बर्फावर सोडू नका.