एनडीए आपल्या दारात, मग आपली मुलं कुठे होती?

एनडीएचा निकाल लागला की ‘मराठी मुलं इतकी कमी का?’ ही चर्चा ठरलेली. मग कुणीतरी थेट शिवकाळात जातं, लढवय्या रक्ताचे दाखले देतं. अहो, पण हा प्रश्न रक्ताचा कधीच नव्हता, तयारीचा होता. इंग्रजांनाही ते कळलं होतं. १९१८ पासून सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी वर्षाला १० जागा ठेवल्या, पण गेलेल्यांपैकी बरेच जण तिथे टिकेनात. म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला पोरवयापासून घडवणारी शाळा काढावी लागली.

स्वातंत्र्यानंतर अकादमी खडकवासल्याला आली. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी पायाभरणी केली, १९५५ च्या जानेवारीत उद्घाटन झालं. (तिथला सुदान ब्लॉक सुदानने दिलेल्या पैशातून उभा राहिला, हे पुण्यातही फार जणांना माहीत नसतं.) जागा आपली, परीक्षा मात्र अख्ख्या देशाची. १९६१ मध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, मोठंच काम झालं ते. तरी अधिकाऱ्यांमध्ये मराठी टक्का कमीच राहिला.

कारण परीक्षेच्या रचनेत बघा. लेखी ९०० गुणांची आणि पुढची एसएसबीही ९०० चीच. गावाकडचा पोरगा गणितात वाघ असतो, लेखी काढतो. पण एसएसबीचे पाच दिवस वेगळेच: चित्र बघून गोष्ट लिहा, अर्ध्या तासात ६० प्रसंगांना उत्तरं द्या, अनोळखी मुलांसोबत गटात बोला, तेही बहुतेक इंग्रजीतून. हे सगळं बारावीनंतर महिनाभराच्या क्लासने येत नाही.

म्हणूनच १९७७ मध्ये राज्य सरकारने औरंगाबादला सेवा पूर्वतयारी संस्था, म्हणजे एसपीआय, काढली. दहावीनंतर मुलं निवडायची, दोन वर्षं वसतिगृहात ठेवायची, अकरावी-बारावीसोबतच एनडीएची तयारी. सरकारने शहाणपणाने केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक, असं माझं मत.

फक्त ती मुलांसाठीच होती. मुलींना एनडीएची परीक्षा देता आली ती सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर. २०२२ मध्ये पहिल्या १९ मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये १७ जणी पहिल्यांदा तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. मुलींची एसपीआय नाशिकला सुरू झाली २०२३ मध्ये, म्हणजे औरंगाबादनंतर ४६ वर्षांनी. दहावीतली मुलगी घरात असेल तर तिला आत्ताच सांगा, तिथल्या प्रवेशाची तयारी दहावीतच सुरू करावी लागते.