साडेचारशे रुपये पगार

बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर असताना माझा पहिला प्रश्न ठरलेला: शिकून मिळवणार किती? अर्थशास्त्र, राज्यशास्त्र म्हटलं की साहेबांच्या कपाळावर आठी. मला मात्र डॉ. आंबेडकरांचा हिशेब आठवे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात बडोदा संस्थानात १० वर्षं चाकरीचा करार. व्याज नाही, पण उमेदीची वर्षं गहाण! शिष्यवृत्ती संपली तसं कोलंबियानंतर सुरू केलेलं लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते १९१७मध्ये परतले आणि बडोद्यात रुजू झाले. तिथे पदव्या काही कामी आल्या नाहीत. अस्पृश्य म्हणून शिपाई फायली लांबून फेकत, राहायला जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. ही जोखीम आमच्या कुठल्याच फॉर्मात बसली नसती.

१९१८च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार ४५० रुपये, त्या काळी घसघशीत. त्यातला जमेल तेवढा त्यांनी लंडनसाठी मागे टाकला. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये उसने दिले. १९२०मध्ये पुन्हा लंडन, १९२३ साली डी.एस्सी., प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर.

बडोद्याच्या कारभाऱ्यांनी पुढे शिष्यवृत्तीचे पैसे परत मागितलेच. वसुली खातं सगळीकडे सारखंच.