राज्य कोणाचे?

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण दररोज देवाचे राज्य मागतो. जर्मन भाषेतील या प्रार्थनेत 'राज्य' या अर्थी 'राइश' हा शब्द आहे. हिटलरने आपल्या सत्तेसाठी जे बिरुद मिरविले, त्यातही हाच शब्द होता: तिसरे 'राइश'. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला. तेव्हापासून तेथील भाविक सकाळी गुडघे टेकून एक राइश मागत, आणि घराबाहेर पडल्यावर दुसऱ्या राइशला हात उंचावून वंदन करीत. बहुतेकांना त्यात विसंगती वाटली नाही. सेंट राडेगुंड या खेड्यातील एका शेतकऱ्याला मात्र ती वाटली.

त्याचे नाव फ्रान्झ येगरश्टेटर. जन्म १९०७ चा. आई अविवाहित आणि गरीब. पुढे तिचे लग्न झाले, सावत्र वडिलांनी मुलाला दत्तक घेतले आणि त्यांच्या मागे शेत त्याच्याकडे आले. तारुण्यात तो काही संतपदाच्या वाटेवर नव्हता. गावातील पहिली मोटारसायकल त्याची, मारामारीतही तो पुढे. विवाहापूर्वी त्याला एक मुलगीही झाली होती. १९३६ मध्ये फ्रान्झिस्काशी त्याचा विवाह झाला आणि नवदांपत्य रोमची यात्रा करून आले. तिच्या सहवासात त्याचे बायबलवाचन व प्रार्थना वाढली. तीन मुली झाल्या. १९४१ पासून गावच्या चर्चमध्ये वेदीची तयारी आणि मिस्साच्या वेळची सेवा तो करू लागला.

एप्रिल १९३८ मध्ये विलीनीकरणावर मतदान झाले. गावातून विरोधी मत एकच पडले, ते त्याचे. गावच्या कारभाऱ्यांनी ते गाळून संपूर्ण गावाचा पाठिंबा वर कळविला! पण मत एका दिवसाचे. खरी कसोटी घरच्या हिशेबात होती. सरकार मुलांमागे कुटुंबाला भत्ता देत असे. त्याने तो घेतला नाही. वादळाने पीक गेले, तेव्हा नुकसानभरपाई नाकारली. पक्षाच्या निधीला त्याच्याकडून वर्गणी मिळत नसे, गरजूंना मात्र घरातले अन्नधान्य मिळे. 'हाईल हिटलर' या नमस्काराला तो त्याच शब्दांत उत्तर देत नसे. गुत्त्यात राजकारणावरून भांडणे होऊ लागली, तेव्हा तिकडे जाणेच त्याने बंद केले. त्याच्या चरित्राकडे पाहणारे बहुधा त्याच्या मरणाकडे पाहतात. मला हा भत्त्याचा हिशेब अधिक अस्वस्थ करतो. तीन लेकरांच्या बापाने हातात येणारा पैसा परत करावा, हे शेजाऱ्यांना समजणार तरी कसे?

त्याला काही काळ लष्करी प्रशिक्षण घ्यावे लागले होते. १९४१ मध्ये शेतीसाठी सुटका झाली. पुन्हा बोलावणे आल्यास हिटलरसाठी शस्त्र धरायचे नाही, असा निश्चय करून तो लिंझच्या बिशपांना भेटला. त्यांनी कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण दिली. युद्ध न्याय्य की अन्याय्य, हे ठरविणे शेतकऱ्याचे काम नाही, असेही सुचविले. नाझीविरोधी प्रवचनामुळे स्वतः तुरुंगात गेलेल्या त्याच्या धर्मगुरूंनीही त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. मीही धर्मगुरू आहे. सेमिनरीत शिकलेले नीतिशास्त्र हाताशी धरून मीदेखील बहुधा तेच सांगितले असते. तो सल्ला दयेपोटी होता, हे मान्य. तरी एका शेतकऱ्याला स्पष्ट दिसले ते आम्हा शिकलेल्यांना दिसू नये, ही गोष्ट मला टोचते.

१ मार्च १९४३ रोजी तो एन्सच्या छावणीत हजर झाला व त्याने लढण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्याने दाखविली होती. ती कोणी मनावर घेतली नाही. ६ जुलैला बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. वय ३६.

युद्धानंतरही धर्मप्रांताच्या पत्रात त्याच्यावरील लेख छापण्यास बिशपांनी संमती दिली नाही. कर्तव्य म्हणून लढून मेलेले तरुण त्यांना अधिक थोर वाटत होते. अखेर १९६४ मध्ये गॉर्डन झान या अमेरिकन कॅथलिक समाजशास्त्रज्ञाने त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत या शेतकऱ्याचे उदाहरण एका लेखी निवेदनात मांडले गेले. मांडणारे होते येशूसंघीय आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स, आपल्या मुंबईचे माजी आर्चबिशप! १९५० मध्ये भारतीय बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्यासाठी पदावरून बाजूला झालेले तेच हे. वसईही तेव्हा मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती. सद्सद्विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असे परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये आपल्या दस्तऐवजात नमूद केले.

फ्रान्झिस्काविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. सुरुवातीला तिनेही पतीची विनवणी केली होती. पण सगळेच त्याच्यावर तुटून पडू लागले, तेव्हा ती त्याच्या बाजूला उभी राहिली. तिच्याशिवाय त्याला कोणीच उरले नसते. त्याच्या पश्चात गावाने दोष तिलाच दिला. युद्धातील विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारले गेले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये फ्रान्झला धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा ९४ वर्षांची फ्रान्झिस्का तेथे उपस्थित होती. मधल्या काळात तिने शेत कसले, मुली वाढविल्या, आणि चर्चमध्ये पती करीत असे ते वेदीच्या तयारीचे काम स्वतःकडे घेतले.